दोन दिवस, एकच गाव

वाचकाचं पत्र:

"आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी सहकारी बँकेत आहे, हे शाळेत शिक्षक. मुलगा अकरावीला. घरी आत्या आहेत, म्हणजे माझ्या सासूबाई; वय बहात्तर, गुडघे दुखतात. दर वर्षी डिसेंबरात आमची एक सहल होते आणि दर वर्षी परतताना गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही. गेल्या वर्षी दोन दिवसांत प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई केली. काय पाहिलं ते आठवत नाही, गाडी लावायला जागा शोधत फिरलो ते आठवतं. यंदा मला एखाद्या साध्या गावात राहायचंय, चुलीवरचं जेवायचंय, रानात चालायचंय. ह्यांना चांगलं अंथरूण आणि गरम पाणी हवं. मुलाच्या डोक्यात वासोटा किल्ला आहे. जुलैत तो न सांगता मित्रांबरोबर एका धबधब्याखाली जाऊन आला, तेव्हापासून डोंगराचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि आत्यांचं माहेर जावळी खोऱ्यातलं. कोयनेच्या धरणात गाव गेलं तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. परत कधी तिकडं गेल्या नाहीत. परवा त्या धरणाकाठच्या बामणोलीचं नाव निघालं तशा उठून आत गेल्या. त्यांना न्यावं की नाही? सगळ्यांचं जमेल असं काही आहे का?"

ताई,

आधी निकाल सांगते, मग कारणं. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीला जा. तिथं किंवा शेजारच्या एखाद्या गावात दोन रात्री राहा आणि त्या दिवसांत दुसरीकडं कुठंही जाऊ नका. कासचं पठार वाटेतच लागेल, पण डिसेंबरात तिथं फुलं नसतात. बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. तो पाहायचा तर पुढच्या वर्षी आधी ऑनलाइन नोंदणी करून, आठवड्यातल्या मधल्या वारी या. ठोसेघर वेगळ्या वाटेवर आहे, तेही यंदा नको. गेल्या वर्षीच्या सहलीत तुमचा दिवस गाडीत बसण्यात, उतरण्यात आणि पुन्हा बसण्यात गेला. यंदा गाडी एकदा लावा आणि परतीच्या सकाळीच किल्ली हातात घ्या.

हे सगळं एका अटीवर. आत्यांनी हो म्हटलं पाहिजे.

त्यांना न्यावं का, हे तुम्ही मला विचारलंत. पत्रावरून वाटतं की त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडलं, शिवसागर जलाशय भरला आणि जावळी, महाबळेश्वर, पाटण तालुक्यांतली खोऱ्यातली गावं उठली. कुणी सांगलीकडं आलं, कुणी पार सोलापूर, ठाण्यापर्यंत गेलं. शेजारी तुटले, भावकी विखुरली. त्या पाण्यावर राज्यभर दिवे लागले आणि ज्यांची घरं त्यात गेली ती माणसं वर्षानुवर्षं जमिनीच्या कागदांसाठी हेलपाटे घालत राहिली. सात-आठ वर्षांच्या मुलीनं हे सगळं पाहिलंय आणि त्यानंतर साठ वर्षं ते कुणी तिला नीट विचारलेलं नाही. त्या उठून आत गेल्या याचा अर्थ त्यांना जायचं नाही, असा मी तरी लावणार नाही. त्यांना जायचंच आहे, असाही लावणार नाही.

चौघांत, जेवताना, "आत्या, येणार का बामणोलीला?" असं विचारू नका. सगळ्यांसमोर त्या "तुम्ही ठरवाल तसं" म्हणतील आणि विषय तिथंच संपेल. दुपारी दोघीच असताना, हातात काही निवडायचं काम असताना, गावाबद्दल विचारा. देऊळ कुणाचं होतं? नदी घरापासून किती लांब होती? आणि ती नदी कोणती: कोयना, सोळशी की कांदाटी? उठताना देव सोबत नेला का? यातल्या एखाद्या प्रश्नाला त्या बोलत्या झाल्या, तर मग दोन दिवसांनी विचारा, जाऊन यावंसं वाटतं का. त्या नको म्हणाल्या तर कारण विचारू नका, मन वळवू नका. मग वाईकडं जा. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आत्यांना बसून पाहता येईल, आणि पोराला धोम धरणाच्या पाण्यामागचा कमळगड चढता येईल. तोही झाडीतला, मनाजोगता चढ आहे आणि माथ्यावर गेरूच्या लाल खडकात खोल उतरत गेलेली विहीर आहे. राहायला धोमच्या परिसरातल्या गावांत सोय मिळते. पण पुढचं मी त्या हो म्हणाल्या असं धरून लिहिते.

त्यांना एक गोष्ट निघण्याआधीच सांगा: डिसेंबरात धरणात पाणी बरंच असतं, त्यामुळं गावातलं काही दिसणार नाही. उन्हाळ्याच्या शेवटी पातळी उतरली की काही ठिकाणी जुन्या घरांचे चौथरे, देवळांचे दगड उघडे पडतात. त्यांना ते पाहायचं असेल तर मे महिन्यात, पुन्हा कधीतरी. या खेपेला दिसेल ते पाणी आणि त्याच्या काठचे डोंगर. डोंगर मात्र तेच आहेत, आणि लहानपणचे डोंगर माणूस विसरत नाही. रांगेवरून त्या गावाची जागा बरोबर दाखवतील.

बोट ठरवताना गावाचं नाव सांगा आणि वयानं मोठा नावाडी मागा. इथले पुष्कळ नावाडी याच खोऱ्यातल्या, अर्धं शिवार पाण्यात गेलेल्या घरांतले आहेत. कुठं कोणतं गाव होतं ते त्यांना वडिलांकडून ठाऊक असतं. तिथवर नेऊन इंजिन बंद करायला सांगा. सकाळीच जा, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी हलतं. चढ-उतार पायऱ्या किंवा पक्का धक्का असेल तिथूनच करा. पाणी उतरू लागलं की काठ घसरडा होतो, बोट लांब उभी राहते आणि फळीवरून तोल सांभाळत जावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांचं ते काम नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी बांधायचं, आत्यांनीही, लुगड्यावरून. जॅकेट नाही म्हणाले तर ती बोट नको. आणि त्यांचा व्हिडिओ काढू नका, हे मुलाला आधीच बजावून ठेवा. त्यांना नारळ वाहायचा असेल, ओटी भरायची असेल, तर वाहू द्या. प्लास्टिकची पिशवी तेवढी परत आणा.

त्या वेळी बोटीत तुमचे यजमान असलेच पाहिजेत. आई त्यांची आहे. वासोट्याच्या गडबडीत उरकायचं हे काम नव्हे, म्हणून हे परतीच्या दिवशी सकाळी ठेवा.

आता मधला दिवस. तुम्हाला वाटलं असेल मी बाप-लेकाला वासोट्याला पाठवीन आणि तुम्हाला आत्यांजवळ ठेवीन. माझं मत उलटं आहे. वासोट्याला तुम्ही जा. रानात चालायचंय असं तुम्ही लिहिलंय, त्यांनी नाही. त्यांना अंथरूण आणि गरम पाणी हवंय, तर त्यांनी आईजवळ गावात राहावं. शिक्षक माणूस दिवसभर मुलांत आणि संध्याकाळी वह्यांत असतो. आईशी तासभर निवांत बोलणं कधी झालंय ते त्यांना विचारून बघा. आणि तुमच्या पोटातला गोळा घरी बसून विरघळणार नाही. पोरगा पाऊल कसं टाकतो, दमला की काय करतो, निसरड्यावर थांबतो का उडी मारतो, हे त्याच्या मागं चालत स्वतः पाहाल तेव्हा भीती कुठं ठेवायची आणि कुठं सोडायची ते तुमचं तुम्हाला कळेल.

वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. पावसाळ्यात तो बंद असतो. एरवी बामणोलीत वनखात्याची परवानगी काढावी लागते, त्यासाठी सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. बोट अख्खी ठरवावी लागते. दोघांसाठी परवडत नसेल तर सकाळी धक्क्यावर आलेल्या दुसऱ्या छोट्या गटाला विचारा, लोक आनंदानं सोबत घेतात. शनिवार-रविवार टाळता आला तर फार बरं. बोट साधारण तास-दीड तास घेते आणि मेट इंदवलीला लागते. तिथं वनखात्याची माणसं सामान बघतात. प्लास्टिक नेलं तर ते परत आणल्याचं दाखवावं लागतं. हा जाच वाटून घेऊ नका. गडावर कचऱ्याची गाडी जात नाही.

पुढं ओढा, मारुती-गणपतीचं ठाणं आणि मग दाट झाडी. ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही इतकी. दोन-अडीच तासांची चढण आहे, दम लागतो, पण झाडीमुळं सोसते. शेवटचा टप्पा उघड्यावरचा, तिथं टोपी लागते. वाटेत नागेश्वराकडं जाणारा फाटा लागेल. सुळक्यातल्या गुहेत महादेव आहे, पोरगा हट्ट करील. यंदा नको. दोन्ही एका दिवसात करणारे असतात, पण पहिल्यांदाच येणाऱ्यांना परतताना घाई होते आणि घाईत उतारावर पाय मुरगळतो. माथ्यावर पाण्याची टाकी आहेत, महादेवाचं देऊळ आहे आणि बाबूकडा आहे. नालेच्या आकारात कापलेला तो कडा थेट कोकणात उतरतो, खाली चोरवणे गावाची बाजू. कड्यापासून चार पावलं मागं उभं राहूनही तो पुरेपूर दिसतो.

मुलाला निघण्याआधी गडाचा इतिहास वाचायला सांगा. राजापूरच्या वखारीतले पकडलेले इंग्रज शिवाजी महाराजांनी इथं कैदेत ठेवले होते. पुढं १८१८ मध्ये समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर तोफा चढवून इंग्रजांनी हा गड घेतला. बाजूचा तो उंच डोंगर बघितला की एवढा बेलाग गड का पडला ते एका नजरेत कळतं. पुस्तकात दहा पानं वाचून कळत नाही.

वेळेचं गणित कडक ठेवा. परवानगीची खिडकी उघडताना तुम्ही तिथं हवं. दहाच्या आत पायथ्याला, साडेबारा-एकपर्यंत माथ्यावर आणि दोनला काहीही झालं तरी उतरायला सुरुवात. पोचला नाहीत तर जिथं असाल तिथून मागं फिरा. डिसेंबरात सहाला अंधारतं आणि झाडीत तर त्याच्या आधीच. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, ते बरंच आहे.

गावातला एखादा वाटाड्या सोबत घ्या. वाट तशी मळलेली आहे, चुकण्याची भीती नाही. पण कुठल्या झुडपात गवा बसतो, कुठं अस्वलानं वारूळ उकरलंय हे त्याला दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही. वाघाची चिंता सोडा, तो तुमच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. गवा दिसला तर थांबायचं, जवळ जाऊन फोटो नाही, त्याला वाट द्यायची. अस्वल एकदम समोरासमोर आलं तर बिथरतं, म्हणून दाट ठिकाणी साध्या आवाजात बोलत चाला. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, शिट्ट्या मारू नका, आणि धूर तर मुळीच नको. ऑक्टोबरात जळवा असतात, डिसेंबरात त्यांचा त्रास सहसा नसतो. साप चावलाच तर पट्टी आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि उचलून शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात न्यायचं. १०८ ला फोन लावायचा, पण खोऱ्यात रेंज बेताचीच आहे. म्हणून आल्या आल्या जिथं राहाल त्या घरच्यांना विचारून ठेवा: जवळचं आरोग्य केंद्र कुठं, रात्री गाडी कुणाची मिळते, फोन कुठल्या टेकाडावर लागतो.

आता जुलैच्या धबधब्याबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं ते आहे. पोरानं चूक केली, आणि ती न सांगण्यामुळं दुप्पट झाली. पण त्यानं सांगितलं का नाही? विचारलं असतं तर उत्तर "नाही" येणार, हे त्याला ठाऊक होतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला डोंगर बंद करून चालत नाही. डोंगर सातारा-सांगलीत जागोजागी आहेत आणि त्याच्या मित्राकडं दुचाकी आहे. त्याच्याशी असं बोला: कुठं जातोस ते सांगून जायचं, आणि सांगितलंस तर मी आधी नको म्हणणार नाही, आधी ऐकून घेईन. हे वचन तुम्हाला पाळावं लागेल. पहिल्याच खेपेला ओरडलात तर दुसरी खेप तुम्हाला कळणार नाही.

आणि धबधब्याखाली का जायचं नाही, ते त्याला कारणांसकट सांगा. नुसती भीती घातली तर तो मित्रांत हसेल. खाली ऊन असतं तेव्हा वर पठारावर पाऊस कोसळत असतो, आणि ते पाणी ओढ्यात काही मिनिटांत येतं. येताना ओंडके, दगड घेऊन येतं. खडकावरचं शेवाळ ओल्या बुटांखाली साबण होतं. डोहाचा तळ दर पावसात बदलतो, गेल्या वर्षी जिथं उडी मारली तिथं यंदा शिळा येऊन पडलेली असते. आणि पडणारं पाणी माणसाला खाली दाबून फिरवत ठेवतं, तिथं पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. ठोसेघरला दरीसमोर कठडे बांधून लांबून बघायची सोय केली आहे ती यासाठीच. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणं बंद करतं, तेव्हा ती बंदी मोडून आडवाटेनं उतरणाऱ्या पोरांना काढायला दोर घेऊन गावातलीच माणसं उतरतात. त्यांनाही घरी लेकरं आहेत. हे शेवटचं वाक्य त्याला सांगाच. या वयात आपल्या जिवाची पर्वा नसते, दुसऱ्याच्या जिवाची असते.

या सहलीत त्याला काम द्या. बोटीची वेळ, परवानगीचे कागद, पाण्याच्या बाटल्या, परतीची दोनची वेळ पाळणं हे सगळं त्याच्याकडं सोपवा. माथ्यावर "आता निघायचं" हे तुम्ही म्हणू नका, त्याला म्हणू द्या. तीन दिवसांत तुम्हाला दिसेल की जबाबदारी दिलेलं पोरगं वेगळं वागतं.

राहायच्या जागेबद्दल तुमच्या यजमानांची बाजू मी घेणार आहे. गरम पाणी मागण्यात काही वावगं नाही, आणि आत्यांना तर खाली बसायचा संडास चालणारच नाही. म्हणून फोनवर स्पष्ट विचारा: कमोड आहे का, आंघोळीला बंब आहे का, झोपायला कॉट की गाद्या, खोली तळमजल्यावर आहे का, पायऱ्या किती. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, तेव्हापासून अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते. नोंदणी आहे का, हेही विचारा. नसलेलं प्रत्येक घर वाईट असं नाही, पण विचारल्यानं समोरचा माणूस सोयींबद्दल खरं बोलतो. थंडी सांगलीपेक्षा बरीच असते, पांघरुणं किती देणार ते विचारा आणि आत्यांची शाल, कानटोपी तुमची तुम्ही घ्या. पैसे रोख ठेवा.

एक गोष्ट तुम्हालाही सांगायची आहे. चुलीवरचंच हवं असा हट्ट धरू नका. खोऱ्यातल्या घरांत गॅस आलाय आणि तो यायला फार वर्षं लागली. पाहुण्यांना "चुलीची चव" हवी म्हणून घरातली बाई पुन्हा धुरात बसते, डोळे पुसत आठ माणसांच्या भाकऱ्या थापते. त्यांची चूल रोजच पेटत असेल तर उत्तमच. नसेल तर गॅसवरची नाचणीची भाकरी, खरडा आणि आमटी तितकीच गोड लागते. भाव ठरला की त्यात घासाघीस नको. जेवणाची वेळ त्यांची, आपली नाही. रात्री अकराला चहा मागायचा नाही. सकाळी त्या घरची बाई गोठ्यात जाईल तेव्हा विचारून सोबत जा, आत्यांनाही न्या. गप्पा आपोआप होतील, कारण माहेर कुठलं या प्रश्नावाचून आपल्याकडं दोन बाया पाच मिनिटंही बसत नाहीत. त्यातून आत्यांचे एखाद-दुसरे भावकीतले निघाले तर मला नवल वाटणार नाही.

आणि शेजारच्या अंगणात मोठ्ठा स्पीकर लावून, बाटल्या घेऊन बसलेला गट असला तर जागा बदला, संकोच करू नका. या काठांवर शनिवारी रात्री जे चालतं त्यानं माझा जीव जळतो. पाण्यावरून आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो, तिथं अभयारण्य आहे, रात्री पाण्यावर येणारी जनावरं आहेत. फुटलेली काच गाळात जाते आणि पाणी उतरलं की गुरांच्या खुरांत घुसते. म्हणून फोनवर हेही विचारा: रात्री गाणी लावू देता का? "हवी तेवढी लावा" असं उत्तर आलं तर दुसरं घर शोधा.

येताना त्यांच्याकडचाच तांदूळ, नाचणी, मध घ्या. मध महाबळेश्वराकडचा प्रसिद्ध आहे, तिथलं मांघर तर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पण ज्यांच्याकडं राहिलात त्यांच्याकडं घरचा असेल तर तो आधी घ्या.

निघायला अजून काही आठवडे आहेत, ते वाया घालवू नका. बँकेत दिवसभर बसून थेट वासोटा चढलात तर दुसऱ्या दिवशी बोटीत आत्यांना हात देण्याऐवजी तुम्हालाच कुणी हात द्यावा लागेल. रविवारी सकाळी मिरजेजवळचा दंडोबा चढायला लागा, मुलाला घेऊन. ज्या बुटांनी वासोटा करायचा तेच बूट घालून, म्हणजे टाचा कुठं घासतात ते इथंच कळेल. नवे बूट गडावर पहिल्यांदा घालू नका.

आणि एक रविवार आत्यांसकट सागरेश्वरला घालवा, तुमच्यापासून जवळ आहे. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावायला घेतली, लोकांना जोडलं, आणि त्यातून १९८५ मध्ये अभयारण्य झालं. माणसांनी उभं केलेलं रान आहे ते. सांबर, चितळ, काळवीट दिसतात, जुन्या देवळांचा समूह आहे, आत्यांना तिथं सावलीत बसता येईल. त्या दिवशी बघा, गाडीत त्यांना किती वेळ बसवतं, किती पावलं सलग चालवतात, पायऱ्या उतरताना कुणाचा हात धरतात. त्यावरून बामणोलीला खोली आणि धक्का निवडा.

सांगलीहून निघायचं ते शुक्रवारी सकाळी, दुपारी नव्हे. सोमवारी-मंगळवारी रजा मिळत असेल तर त्याहून बरं: शनिवारी पोचा, रविवारी तुम्ही सगळे गावातच राहा आणि वासोटा सोमवारी करा, गर्दी ओसरल्यावर. मग बोटीची सकाळ मंगळवारची, आणि रात्री दोनच्या तीन होतील. मुलाच्या कॉलेजला नाताळची सुट्टी असते, पण त्या आठवड्यात साताऱ्याचे सगळे रस्ते भरलेले असतात, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख बघा. कऱ्हाड-सातारा महामार्गाला वेळ किती लागेल याचा भरवसा धरू नका. यवतेश्वर घाट आणि कासनंतरचा बामणोलीकडचा उतार वळणावळणाचा आहे, धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही. दिवसाउजेडी चारच्या आत गावात पोचायचं, एवढं धरून घरातून निघा. आत्यांना पुढच्या सीटवर बसवा, मागं वळणांचा त्रास होतो. जेवण साताऱ्यातच उरका. पेट्रोलही तिथंच भरून घ्या.